दोन स्वतंत्र तिकिटांवरच्या प्रवासात चेक-इन केलेली बॅग शेवटपर्यंत जाते का?

चोपडेकर (प्रश्न)

माझे आई-वडील येत्या उन्हाळ्यात दोन महिन्यांसाठी माझ्या बहिणीकडे बर्लिनला जाणार आहेत. शेंगेन व्हिसा हाती आला आहे, तिकिटे मात्र अजून काढलेली नाहीत. आम्ही जळगावच्या ज्या एजंटाकडे चौकशी केली, त्याने जळगाव ते मुंबई छोट्या विमानाने, मुंबई ते दुबई एका स्वस्त कंपनीने आणि दुबई ते बर्लिन युरोपातील दुसऱ्या स्वस्त कंपनीने, असा मार्ग सुचवला आहे. तिन्ही तिकिटे वेगवेगळी असली तरी त्याने ती एकाच कागदावर छापून दिली असून, "बॅग जळगावला द्यायची, ती थेट बर्लिनला मिळेल," असे तो ठामपणे सांगतो. मुंबईत चार तास आणि दुबईत पाच तास मध्ये मिळतात. हाच प्रवास एका तिकिटावर केला तर दोघांचे मिळून बरेच जास्त पैसे पडतात, त्यामुळे हा मार्ग सोडवत नाही.

एजंटाचे म्हणणे कितपत खरे आहे? बॅग दुबईत घ्यावी लागली तर तिथला व्हिसा लागेल का? प्रत्येकी तेवीस किलोची एक बॅग नेण्याचा विचार आहे आणि वडिलांना जास्त चालवत नसल्याने व्हीलचेअर लागेल. ज्यांनी अशा प्रकारे प्रवास केला आहे किंवा ज्यांना या व्यवसायाची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भुसावळ जंक्शन

चोपडेकर साहेब, एजंटाचे म्हणणे चुकीचे आहे, आणि या चुकीची झळ केवळ बॅग उशिरा मिळण्यापुरती राहणार नाही. आई-वडिलांना मुंबईतच विमानात चढू दिले नाही, असेही होऊ शकते. मी काही वर्षे विमानतळावर चेक-इन काउंटरवर काम केले आहे, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने हा प्रकार कसा दिसतो ते सांगतो.

बॅग कुठपर्यंत जाणार हे प्रवासी कुठे निघाला आहे यावर ठरत नाही. ती स्वीकारणाऱ्या कंपनीने कुठपर्यंतची जबाबदारी घेतली आहे, यावर ते ठरते. एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची विमाने असतील तर त्या कंपन्यांमध्ये आधीच इंटरलाइन करार झालेला असतो, भाड्याची वाटणी आणि सामानाची जबाबदारी ठरलेली असते, आणि म्हणूनच पहिल्या काउंटरवर शेवटच्या शहराचा टॅग निघतो. स्वतंत्र तिकिटांच्या बाबतीत पहिल्या कंपनीच्या संगणकाला दुसरे तिकीट दिसतच नाही. तिच्या लेखी तुमचे वडील दुबईला निघालेले प्रवासी आहेत आणि त्यांचा प्रवास दुबईच्या पट्ट्यावर बॅग आली की संपला. बहुतेक स्वस्त कंपन्यांचा एकमेकींशी असा करारच नसतो. ज्या मोठ्या कंपन्यांचा असतो, त्याही स्वतंत्र तिकिटांवर बॅग पुढे पाठवायला आता बांधील नसतात; वनवर्ल्ड या समूहाने आपल्या सदस्य कंपन्यांवरचे तसे बंधन २०१६ मध्येच काढून टाकले. काउंटरवरचा कर्मचारी कितीही भला असला, तरी संगणक जो टॅग काढू देत नाही तो त्याला हाताने लिहून लावता येत नाही.

एका कागदावर तीन प्रवास छापले म्हणून तिकीट एक होत नाही. नियमित कंपन्यांच्या ई-तिकिटाला तेरा आकडी क्रमांक असतो आणि त्यातले पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. सगळ्या टप्प्यांना मिळून एकच क्रमांक असेल तर प्रवास एका करारातला आहे. प्रत्येक टप्प्याला वेगळा पीएनआर आणि वेगळा तिकीट क्रमांक असेल, किंवा स्वस्त कंपन्यांकडे असते तसा नुसताच पीएनआर असेल, तर ते तीन स्वतंत्र करार आहेत. एजंटाला "बॅग जाते का?" असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर तो तोंडी देईल, "तिन्ही टप्प्यांचा तिकीट क्रमांक दाखवा," असे म्हणा.

आता दुबईत प्रत्यक्ष काय करावे लागेल ते पाहा. विमानातून उतरून इमिग्रेशन पार करायचे, पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टममधून बाहेर यायचे, प्रस्थान विभागात जायचे, दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर पुन्हा वजन करून बॅगा द्यायच्या, आणि पुन्हा इमिग्रेशन व सुरक्षा तपासणीतून आत जायचे. काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या तीन तास आधी उघडतात आणि एक तास आधी बंद होतात, म्हणजे पाच तासांतले दोनच तास बॅग देण्याच्या कामी येतात. पहिले विमान दोन तास उशिरा आले की गणित अगदी काठावर येते, आणि तीन तासांचा उशीर झाला की दुसरे विमान गेल्यातच जमा आहे. ते चुकले तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने प्रवासी आलाच नाही, एवढीच नोंद होते. परतीचा प्रवास त्याच तिकिटावर असेल तर तोही बहुतेक वेळा रद्द होतो, आणि नेमके हेच एजंट सांगत नाहीत.

या सगळ्याच्या आधी मुंबईतला अडथळा आहे. परदेशी जाणाऱ्या प्रवाशाची कागदपत्रे तपासण्याची जबाबदारी कंपनीवर असते, आणि अपात्र प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याचा खर्च व दंड तिच्यावर पडतो. त्यामुळे काउंटरवर टायमॅटिक नावाच्या प्रणालीत पासपोर्ट, व्हिसा आणि गंतव्यस्थान पाहिले जाते. तिकीट दुबईपर्यंतचेच आहे, बॅग दुबईला उतरणार आहे आणि अमिरातीत प्रवेशाची परवानगी नाही, असे दिसले तर कर्मचारी पुढे जाऊ देणार नाही. बर्लिनचा व्हिसा त्याला दाखवून उपयोग नाही, कारण त्याची कंपनी त्यांना बर्लिनला नेत नाही.

व्हीलचेअरचेही तसेच आहे. ती प्रत्येक तिकिटावर वेगळी नोंदवावी लागते, आणि पहिल्या कंपनीचा मदतनीस तुम्हाला आगमनाच्या दाराबाहेर सोडून परत जातो. तिथून दुसऱ्या कंपनीच्या काउंटरपर्यंत दोन बॅगा आणि न चालवणारे वडील, हे सर्व एकट्या आईवर येईल. भाड्यातला फरक मोजताना ही गोष्ट रुपयांत धरता येत नाही, पण माझ्या मते या प्रश्नात तीच सर्वांत वजनदार आहे.

शारजावासी शिरपूरकर

वरील माहिती बरोबर आहे. अमिरातीत राहत असल्यामुळे दुबईपुरती थोडी भर घालतो.

भारतीय प्रवाशाला विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलण्यासाठी व्हिसा लागत नाही, बॅग घेण्यासाठी बाहेर पडायचे असेल तर लागतो. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपीय संघ यांचे काही प्रकारचे व्हिसा किंवा निवास परवाने असलेल्या भारतीयांना दुबईत उतरल्यावर व्हिसा मिळण्याची सोय आहे. मात्र तिच्या अटी मधूनमधून बदलतात. त्यामुळे तुमच्या हाती असलेला नेमका व्हिसा त्यात बसतो की नाही याची खात्री अमिरातीच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा विमान कंपनीकडून लेखी करून घ्या, आणि ती झाल्याशिवाय तिकीट काढू नका. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असली पाहिजे. त्या सोयीत बसत नसेल तर आधीच पर्यटक व्हिसा काढावा लागेल. दोघांच्या व्हिसाचा खर्च तिकिटात मिळवला की स्वस्ताईचा मोठा भाग तिथेच संपतो.

दुसरी गोष्ट, दुबईला दोन विमानतळ आहेत. एक शहरातला जुना, ज्याचा संकेत डीएक्सबी आहे, आणि दुसरा जेबेल अलीच्या बाजूचा अल मकतूम, ज्याचा संकेत डीडब्ल्यूसी आहे. काही स्वस्त आणि सनदी विमाने अल मकतूमवरून सुटतात. मुंबईचे विमान एका विमानतळावर उतरले आणि बर्लिनचे दुसऱ्यावरून सुटत असेल, तर बॅग असो वा नसो, देशात प्रवेश करून टॅक्सीने जाण्याखेरीज मार्ग नाही. जुन्या विमानतळावरही टर्मिनल २ हे टर्मिनल १ आणि ३ यांच्या धावपट्टीपलीकडे आहे, तेव्हा एजंटाच्या कागदावर नुसते "दुबई" लिहिले असेल तर त्यावर थांबू नका. तीन अक्षरी संकेत आणि टर्मिनलचा आकडा दोन्ही विचारा.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या लोकांना आवर्जून सांगावीशी वाटते. बॅग दुबईत बाहेर काढली की ती अमिरातीच्या कस्टमसमोर येते, आणि इथे खसखस हा अमली पदार्थांशी संबंधित असा प्रतिबंधित जिन्नस आहे. आपल्या काळ्या मसाल्यात बऱ्याच घरी खसखस पडते, लाडवांवरही ती असते. थेट बर्लिनचा टॅग असलेली बॅग दुबईत प्रवाशाच्या हाती येत नाही; स्वतंत्र तिकिटांवर मात्र ती तुम्हीच ओढत कस्टममधून नेता. मसाला न्यायचाच असेल तर खसखस न घालता कुटून घ्या.

चोपडेकर

दोघांचेही मनापासून आभार. एजंटाला तिकीट क्रमांक विचारल्यावर त्याने तीन वेगळे पीएनआर पाठवले आणि "सगळे लोक असेच जातात," असे उत्तर दिले. आता दोन उपप्रश्न आहेत. एका संकेतस्थळावर हाच मार्ग "जोडविमान चुकल्यास हमी" अशा शब्दांत विकला जात आहे. त्या हमीने बॅगेचा प्रश्न सुटतो का? आणि दोघांनी केवळ हातातले सामान नेले, मोठ्या बॅगा नेल्याच नाहीत, तर दुबईत बाहेर न पडता जाता येईल का?

भुसावळ जंक्शन

अशा संकेतस्थळांची हमी ही त्या संकेतस्थळाची असते, विमान कंपन्यांची नव्हे. विमान चुकले तर अटींमध्ये बसेल त्याप्रमाणे ते दुसरे तिकीट किंवा काही रक्कम देतात. बॅग उचलून पुन्हा देण्याचे काम, व्हिसा आणि रांगा तुमच्याकडेच राहतात. व्हिसा नसल्यामुळे प्रवास अडला तर ही हमी बहुधा लागू होत नाही. अटींत "स्वतः विमान बदलणे" अशा अर्थाचे शब्द असतील तर बॅग पट्ट्यावर येणार, असे खुशाल समजा.

केवळ हातातल्या सामानावर जाणे कागदावर शक्य आहे, पण तुमच्या बाबतीत मला ते सुचवावेसे वाटत नाही. दुसऱ्या कंपनीचा बोर्डिंग पास आतल्या ट्रान्स्फर काउंटरवर मिळाला पाहिजे किंवा आधीच ऑनलाइन निघाला पाहिजे. बऱ्याच स्वस्त कंपन्यांचे आत काउंटर नसते, आणि युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशांची कागदपत्रे त्या बाहेरच्या काउंटरवरच तपासतात. म्हणजे बॅग नसूनही बाहेर पडण्याची पाळी येते. शिवाय स्वस्त कंपन्यांत हातातल्या बॅगेला साधारण सात ते दहा किलोंची मर्यादा असते. दोन महिने राहायला जाणाऱ्या आईला सात किलोंत बसवणे कसे शक्य होईल, हे तुम्हीच तिला विचारून पाहा. लोणचे, तूप, चटणी यांतले ओले पदार्थ शंभर मिलिलिटरच्या द्रव नियमात अडकतात, ते वेगळेच.

तुपाबद्दल आणखी एक. मांस आणि दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून नेण्यास मनाई आहे, मग तिकीट एक असो वा तीन. त्यामुळे तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. भरताची वांगी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. गंमत अशी, की ज्या मोजक्या फळांना या प्रमाणपत्रातून सूट आहे त्यांत केळी येतात, आणि बर्लिनपर्यंतच्या प्रवासात नेमकी तीच टिकत नाहीत.

गिरणाकाठ

दुबईची चर्चा झाली, पण जळगाव ते मुंबई या टप्प्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. अडचणीची सुरुवात तिथूनच होते.

देशांतर्गत विमानात चेक-इन सामानाची मर्यादा साधारणपणे प्रत्येकी पंधरा किलो असते. पुढे आंतरराष्ट्रीय तिकिटावर तेवीस किलो चालणार असले, तरी जळगावच्या काउंटरला त्याच्याशी देणे-घेणे नाही, कारण पुन्हा तेच, तिकीट वेगळे आहे. दोघांचे मिळून सोळा किलो जास्त भरतील आणि त्याचे पैसे किलोवर द्यावे लागतील. जळगावच्या छोट्या विमानांत जादा सामान जागा असेल तरच घेतात, हेही लक्षात असू द्या. याउलट रेल्वेत तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात प्रत्येकी चाळीस किलो सामान मोफत नेता येते. जळगावहून रात्रीच्या गाडीने पहाटे कल्याण, ठाणे किंवा दादरला उतरून टॅक्सीने साहार गाठणे हा जुना मार्ग आहे आणि माझ्या मते तोच बरा आहे. चोपड्याहून धरणगाव किंवा अमळनेर सोयीचे पडत असेल तर ताप्ती मार्गावरची खानदेश एक्सप्रेस पाहावी. ती पश्चिम रेल्वेने मुंबईत येते, त्यामुळे विमानतळ जवळ पडतो, मात्र ती रोज धावत नाही.

विमानानेच जायचे ठरले तर ते कोणत्या विमानतळावर उतरते ते आधी पाहा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. देशांतर्गत विमान तिकडे उतरले आणि दुबईचे विमान साहारच्या टर्मिनल २ वरून सुटत असले, तर चार तासांतला मोठा भाग बॅगा घेण्यात आणि रस्त्यात जाईल.

परतीच्या प्रवासाबद्दलही सांगून ठेवतो. परदेशातून भारतात आल्यावर सर्वसाधारणपणे पहिल्या विमानतळावरच बॅग घेऊन कस्टम पार करावे लागते आणि मग ती देशांतर्गत विमानासाठी पुन्हा द्यावी लागते. हे एका तिकिटावरही तसेच असते. त्यामुळे येताना मुंबईत बॅग हाती घ्यावी लागली म्हणजे काही बिघडले, असे आई-वडिलांना वाटू देऊ नका.

नंदुरबारचा वाचक

वरच्या सर्व सूचनांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. स्वतंत्र तिकिटे म्हणजे संकटच, असा सूर लागला आहे. तो मला पूर्ण मान्य नाही. ज्या देशात मध्ये थांबायचे तिथला व्हिसा असेल, दोन विमानांमध्ये एक रात्र मुक्काम ठेवला असेल आणि प्रवासी धडधाकट असतील, तर ही पद्धत उत्तम चालते. आमच्या भागातील आखातात काम करणारे अनेक जण सुरतेहून शारजा किंवा दुबईला थेट जातात, कारण नंदुरबारकरांना मुंबईपेक्षा सुरत कितीतरी जवळ आहे, आणि तिथून पुढे कुठे जायचे असेल तर दोन दिवस नातेवाइकांकडे राहून वेगळ्या तिकिटाने जातात. तिथे बॅग घ्यावी लागते ही अडचण नसतेच, कारण ती घरीच न्यायची असते. चोपडेकरांच्या आई-वडिलांचे दुबईत कोणी असेल, तर व्हिसा काढून दोन दिवस थांबण्याचा विचार करायला हरकत नाही. कोणी नसेल तर मात्र पाच तासांची ही कसरत मीही सुचवणार नाही.

चोपडेकर

दुबईत आमचे कोणी नाही, त्यामुळे तो पर्याय बाद झाला. घरात चर्चा होऊन मुंबई ते बर्लिन एका तिकिटावर आणि चोपड्याहून मुंबईपर्यंत रेल्वे, असे ठरते आहे. शेवटची एक विचारणा आहे: एका तिकिटावर बॅग हरवली किंवा उशिरा आली, तर भरपाई कोणाकडे मागायची? आणि तीन तिकिटे असती तर काय झाले असते?

भुसावळ जंक्शन

एका तिकिटावर आंतरराष्ट्रीय प्रवास असला की त्याला मॉन्ट्रियल करार लागू होतो; भारत आणि जर्मनी दोघेही त्यात आहेत. सामान हरवणे, फुटणे किंवा उशिरा येणे यांसाठी कंपनीची कमाल जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे, आणि रुपयांत ही रक्कम दीड लाखाच्या वर जाते. एवढे आपोआप मिळते असे नाही; नुकसान दाखवावे लागते. तक्रार पहिल्या किंवा शेवटच्या कंपनीकडे करता येते, आणि व्यवहारात ती शेवटच्या कंपनीकडे, म्हणजे बर्लिनच्या सामान काउंटरवर करावी. तीन स्वतंत्र तिकिटे असती तर बॅग नेमकी कोणाच्या ताब्यात असताना हरवली हे तुम्हाला सिद्ध करावे लागले असते, आणि जळगाव ते मुंबई हा टप्पा सुट्या देशांतर्गत तिकिटावर असल्याने तिथे भरपाईची मर्यादा केवळ २०,००० रुपये असती.

मुदती कडक आहेत. बॅग फुटलेली आढळली तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. एकवीस दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असे धरून दावा करता येतो, आणि न्यायालयात जायचे झाल्यास दोन वर्षांची मर्यादा आहे. बर्लिनला बॅग पट्ट्यावर दिसली नाही, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी पीआयआर नावाचा अहवाल नोंदवून त्याचा क्रमांक घ्यायला बहिणीने आई-वडिलांना फोनवर सांगावे, कारण बाहेर पडल्यावर "बॅग मिळालीच नव्हती" हे पटवणे जड जाते.

मुंबईच्या काउंटरवर टॅग लावला की त्यावरचे मोठ्या अक्षरांतले शेवटचे शहर वाचा. तिथे बर्लिनचा बीईआर हा संकेत असला पाहिजे. मधल्या विमानतळाचा असेल तर बॅग पट्ट्यावरून आत जाण्याआधीच हरकत घ्या, कारण नंतर ती परत मागवणे अवघड होते. टॅगची पावती बोर्डिंग पासला चिकटवून देतात आणि त्यावर दहा आकडी क्रमांक असतो. त्या पावतीचा आणि दोन्ही बॅगांचा बाहेरून, तसेच उघडून आतून, फोटो काढून बहिणीला पाठवून ठेवा. बॅगेच्या आत बर्लिनचा पत्ता आणि बहिणीचा फोन क्रमांक लिहिलेला कागद ठेवा, कारण बाहेरचे लेबल तुटते. वडिलांची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावीत. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. तिकीट एक असल्याने मधल्या विमानतळावरही तीच नोंद चालते, तरीही प्रवासाच्या दोन दिवस आधी कंपनीला फोन करून ती सगळ्या टप्प्यांवर दिसते आहे ना, एवढे विचारून घ्या.